वहिनींच्या फ्रिजमधला कप्पा
नासलेल्या दुधाचा वास आला की मला आखातातल्या रोल्ला भागातला तो ऑगस्ट आठवतो. बँकेने घराचं कर्ज मंजूर केलं होतं, पण घर नावावर व्हायला अजून अवकाश होता, आणि नेमका तेव्हाच भाड्याच्या फ्लॅटमधला आमचा फ्रिज बंद पडला. मेकॅनिक "खलास" म्हणून निघून गेला. हातातले सगळे पैसे नव्या घरासाठी ठेवलेले, म्हणून नवरा आणि मी हप्त्यावर फ्रिज आणायला निघालो. लिफ्टपाशी समोरच्या वहिनी भेटल्या; पूर्वी त्या बँकेत होत्या. "थांबा भावजी," त्या म्हणाल्या. "हप्त्यासाठी अर्ज केलात की त्याची नोंद होते. घर नावावर होण्याआधी बँक तुमचा रेकॉर्ड पुन्हा बघू शकते. नवीन कर्ज दिसलं तर सगळंच अडकेल." "मग या उकाड्यात लेकीचं दूध कुठे ठेवू?" मी विचारलं. त्यांनी आपल्या फ्लॅटची जादा किल्ली माझ्या हातात दिली. "माझ्या फ्रिजमधला वरचा कप्पा तुझा. मी नसले तरी उघडून घे." नवं घर ताब्यात येईपर्यंत मी त्यांच्याकडे रोज जात राहिले, आणि कितीदा तरी दुधाशेजारी लेकीसाठी खिरीची वाटी झाकून ठेवलेली असायची. आज कुणी विचारलं, इथे घर कसं जमलं, तर नवरा बँकेचं सांगतो. मी वहिनींचं सांगते.