पाहुण्यांसाठी धुतलेलं घर

आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मी पाणी मिळत नाही म्हणून महापालिकेच्या दारात धरणं धरून बसलो होतो.

एकटा नव्हे, देवपुरातल्या आमच्या कॉलनीची अख्खी गल्ली उठवून नेली होती. नळाला नऊ दिवसांनी पाणी, तेही व्हॉल्व्हवाल्याच्या मर्जीवर. मी पत्रक काढलं होतं: 'नऊ दिवसांनी पाणी म्हणजे पाणी नव्हे, भीक!' (मसुद्यात तीन उद्गारचिन्हं होती, दोन छापखान्याने खाल्ली.) कॉलनीतल्या निवृत्त मंडळींनी ते वाचलं, 'छान लिहितोस' म्हणाले आणि त्यावर शेंगांची टरफलं टाकली. अशा जनतेसाठी मी लढत होतो.

घोटाळा असा, की त्याच दिवशी चार वाजता चाळीसगावकडचे आबा, म्हणजे दादाला सांगून आलेल्या मुलीचे वडील, आमचं घर बघायला येणार होते. मुलगी पसंत, दादाची नोकरी पसंत. अडलं होतं पाण्यावर. हल्ली मुलीकडचे मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी विचारतात, नळ कितव्या दिवशी? याच प्रश्नावर दादाची दोन स्थळं गेली होती. आबांनी फोनवर तेच विचारलं तेव्हा आमचे वडील, नाना, "येतं की" म्हणाले आणि रेंज गेल्याचं सोंग करून मोकळे झाले. सकाळपासून ते पाण्याची निळी पिंपं गच्चीवर नेऊन लपवत होते.

"आजच्या दिवस राहू दे ना तुझं आंदोलन," आई म्हणाली.

मी तिला लाचार म्हणालो. (खरंच म्हणालो. पत्रकं लिहिणाऱ्याला घरात वापरायची वेगळी भाषा येत नाही.) एकपर्यंत परत येऊ, असं सांगून तिला, नानांना आणि नवरदेवालाही ओढून नेलं. हॉलमध्ये पाहुण्यांसाठी मामाच्या शेतातल्या कापसाच्या नव्या कोऱ्या गाद्या अंथरलेल्या होत्या.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. पाणी कधी येईल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून आम्ही कोरडा नळ उघडाच सोडतो आणि त्याखाली स्टीलचं ताट ठेवतो. पाणी आलं की ताट वाजतं आणि घरातलं माणूस धावतं. घरात माणूस असावं, एवढी एकच अट. त्या दिवशी प्रत्येक मोरीत ताट होतं आणि माणसं माझ्यामागे घोषणा देत होती.

साडेबाराला पाणीपुरवठ्याचे साहेब बाहेर आले. घोषणांमुळे त्यांना जेवण गोड लागत नसावं. "सोडलं तुमच्याकडे पाणी," ते म्हणाले. "जा आता घरी."

विजय! शहाणा माणूस इथे उठला असता. मी भोंगा तोंडाला लावला आणि तोंडी आश्वासनांना ही जनता भुलणार नाही, लेखी द्या, असं ठणकावलं. मागून कोपऱ्यावरच्या घरातल्या अक्का कुजबुजल्या, "प्रमोद, बठ्ठ्यांचे, सगळ्या गल्लीचे नळ उघडे राहिलेत रे." अक्कांना मी आंदोलनात फूट पाडू नका असं सुनावलं, तेही भोंग्यातूनच. मग टायपिस्ट जेवायला गेलेला. तो आला तर शिक्का सापडेना. शिक्का सापडला तर शाई वाळलेली. दोन तास आम्ही तिथे बसून राहिलो आणि मी त्याला चिकाटी म्हणत होतो.

पत्र नाचवत गल्लीत शिरलो तेव्हा तीन वाजले होते आणि गल्ली वाहत होती. प्रत्येक दाराखालून धार, आणि सगळ्या धारा आमच्या घराकडे. काँक्रीटचा रस्ता द्या, हे निवेदन माझंच. ठेकेदाराने जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा ओतला, तेव्हापासून आमचं घर गल्लीत उकिडवं बसल्यासारखं दिसतं. कुलूप काढलं. आमचं ताट नळाखालून सरकून मोरीच्या भोकावर इतकं चपखल बसलं होतं, की त्या ठेकेदाराच्या सात पिढ्यांना तसं झाकण बसवता येणार नाही. गाद्या पाणी पिऊन तट्ट फुगल्या होत्या. पत्रकांचे गठ्ठे सुटले होते आणि आयुष्यात प्रथमच माझे विचार सर्वदूर पोचले होते.

दादा पँट दुमडून पाणी लोटायला लागला. वर न बघता एवढंच म्हणाला, "हेही स्थळ गेलं ना, तर तू तुझी वेगळी खोली बघ."

साडेतीनलाच जीप आली. आबा उतरले ते थेट पाण्यात. गल्लीभर बायका खराट्यांनी घरातलं पाणी बाहेर काढत होत्या. धोतराचा सोगा हातात धरून आबा बघतच राहिले.

आई पुढे झाली. "तुम्ही येणार म्हणून जरा घर धुऊन काढलं," ती म्हणाली. मला खरंसुद्धा इतक्या शांतपणे कधी बोलता आलेलं नाही.

आबा गादीवर बसले. गादीने चहूबाजूंनी पाणी सोडलं. पण दिलेल्या जागेवरून उठेल तो खानदेशी पाहुणा कसला? ते बसून राहिले. जरा वेळाने म्हणाले, "गाद्याबी धुई टाक्यात का?"

"धुतो अधूनमधून," नाना म्हणाले.

तेवढ्यात एक ओलं पत्रक सरकत आबांच्या पायाशी आलं. 'नऊ दिवसांनी' या शब्दांवर मी घाईने पाय ठेवला, तसे आबा माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा भाऊ. पाणी रोज येस का?"

दादाची केरसुणी थांबली. आईने माझ्याकडे बघितलं, आणि आईचं ते बघणं मी कुठल्याच पत्रकात मांडू शकणार नाही. दिवसभर भोंग्यावरून सत्याचा कैवार घेतलेला मी म्हणालो, "येतं. कधीकधी तर नको होतं."

"पोर सुखमा राही," आबा म्हणाले आणि त्या ओल्या गादीवर सुपारी फुटली.

वहिनी लग्न होऊन आल्या आणि पहिले आठ दिवस नळाकडे बघत राहिल्या. नवव्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या बायका जमवून धरणं धरलं, थेट माझ्या खोलीच्या दारात. आई आणि अक्का पहिल्या रांगेत. घोषणा वहिनींनी स्वतः रचल्या होत्या आणि त्या माझ्या पत्रकांपेक्षा कितीतरी सरस होत्या, हे मान्य करतो. दार उघडून मी वाटाघाटींसाठी तोंड उघडणार, इतक्यात त्या कडाडल्या, "थापाड्या प्रमोदचा..."

आणि सवयीने सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो, "धिक्कार असो!"