पालथं घड्याळ

जालन्यातल्या एका बियाणं कंपनीची वेबसाइट बनवणारा तो इंजिनिअर प्रत्येक वाक्य 'बिलकुल'नं सुरू करायचा. त्याच्या ऑफिसात पाहावं तर बटण दाबलं की त्याची नजर पडद्यावर नसायचीच, मनगटावरच्या घड्याळावर असायची. टेंभुर्णीतल्या माझ्या दुकानातून कपाशीच्या बियाण्याची मागणी त्या साइटवर भरावी लागे. गिऱ्हाइकाचा चहा पिऊन व्हायचा, तरी पान उघडायचं नाही. फोन केला की हा म्हणायचा, "बिलकुल जल्दी चालून राह्यलंय इथं. तुमच्या गावची लाइन खराब असंल." मीही गिऱ्हाइकांना तेच सांगायचो.

शेवटी एकदा तो स्वतः आला. घड्याळ काढून कीबोर्डशेजारी ठेवलं आणि बटण दाबलं. पान उघडेना. बाकावर बसलेले एक काका म्हणाले, "निवांत बसा साहेब. आमच्या गावची लाइनच भंगार हाय."

त्यानं दुसरीच कुठली तरी साइट उघडून पाहिली. ती लगेच आली. त्याचे कान लाल झाले. त्यानं हळूच घड्याळ पालथं ठेवलं.

"काका, लाइन चांगली हाय," तो म्हणाला. 'बिलकुल' नव्हतं. "एका दुकानाचं नाव शोधायला माझा प्रोग्राम हर बारीला सगळ्या जिल्ह्यातल्या दुकानांची यादी मागवून राह्यल्ता. ती यादी हापिसातल्याच मशीनवर हाय, अन् मी तिथंच बसून टाइम मोजायचो. तिथं ती झटकन यायची. मंग कसं कळंल?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी उगाच चहाचे कप गोळा करायला लागलो.