बूट चावला

नव्वदच्या पुढची गोष्ट. हे कोयनानगरला धरणाच्या कामावर फिटर होते आणि आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. यांना साखर निघून चार वर्षं झाली होती. गोळी वेळेवर घ्यायचे, चहा बिनसाखरेचा प्यायचे. गुळाच्या डब्याचं झाकण तेवढं मला अधूनमधून सैल सापडायचं.

मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. पुढं मुंग्याही गेल्या. "कापसावर चालल्यागत वाटतंय," म्हणायचे. तिथली थंडी ओली. मला वाटलं, पाय गारठलेत. आमच्या माण तालुक्यात कुणाचा पाय जड झाला की वीट तापवून शेक देतात. माझी आई द्यायची. मीही एका संध्याकाळी वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि यांच्या उजव्या तळव्याला लावली.

"आवं, लागतंय का?"

"न्हाई. ऱ्हाऊ दे."

जरा वेळानं पुन्हा विचारलं.

"न्हाई म्हनलं न्हवं? गरमच न्हाई तुजी वीट."

म्हणून मी फडक्याची एक घडी कमी केली.

सकाळी तळव्यावर लिंबाएवढा फोड आलेला. मी पाहिला, यांनीही पाहिला. कामावरून मिळालेले नवे बूट घालून हे ड्युटीवर गेले. पंधरा दिवसांत तळवा काळा पडला, वास येऊ लागला. सांगलीला नणंद दिलेली आहे, तिच्याकडं गेलो आणि तिथं दवाखान्यात यांना ठेवून घेतलं.

डॉक्टरांनी विचारलं, "हे कशानं झालं?"

मी पदर तोंडाला लावून खाटेमागं उभी होते. परक्या माणसापुढं माझा आवाज फुटत नाही. सांगायचं म्हणून तोंड उघडलं, तोवर हे म्हणाले, "नवा बूट चावला."

नणंद चिडली. "दादा, फुकटातला बूट म्हनून चावंस्तवर घालायचा व्हय?"

"बूट सरकारी, पाय माजा. सरकारचं काय जातंय?" हे म्हणाले. शेजारचे रोगी हसले.

खाटेसमोरच्या भिंतीवर साखरेच्या रोग्यांसाठी पाटी होती. माझी चौथी झालेली, अक्षर जुळवत वाचते. अनवाणी चालू नये. पाय शेकू नयेत. ती दुसरी ओळ मी पुन्हा वाचली. वळून पाहिलं तर हे माझ्याकडंच बघत होते.

"काय लिवलंय?"

"अनवानी चालू नगा म्हंत्यात."

"एवढंच?"

"एवढंच."

हे सातवी पास होते आणि चार दिवस त्या पाटीकडं तोंड करून पडले होते.

पाय गुडघ्याखाली काढला. त्यानंतर हे तीन वर्षं होते. डावा बूट घालून कुबड्यांवर दारापर्यंत जायचे. एकदा मी भाकरी वाढता वाढता म्हणाले, "आवं, ती वीट..."

"बूट चावला," हे म्हणाले आणि कालवण मागितलं.

पुढं तो विषय मी काढला नाही. हे गेले तेव्हा नणंद आली आणि माळ्यावरचा बूट बघून म्हणाली, "वैनी, ह्यो कशाला ठेवलाय? जाळून टाक. ह्येनंच माजा दादा खाल्ला."

मी मान खाली घातली. तिनं बूट बाहेर नेऊन टाकला. ती गावी गेल्यावर मी तो उचलून आणला, पुसला आणि माळ्यावर परत ठेवला. उजवा आहे. पंधराच दिवस वापरलेला, तळ अजून झिजलेला नाही.