बाजाराच्या दिवसासाठी राखलेली गणितं

मुलाच्या शाळेत पालकसभा होती. आम्ही तेव्हा भंडाऱ्यात राहत होतो, मुलगा दुसरीत होता. आईबापांनी गृहपाठाला मदत करावी की करू नये, यावर बाईंनी एकेकाला बोलायला लावलं. एक गृहस्थ म्हणाले, अजिबात करू नये, पोरं आळशी होतात. एक बाई म्हणाल्या, आम्ही जवळ नाही बसलो तर आमची पुस्तकाला हातसुद्धा लावत नाहीत. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. काहीतरी पुटपुटून मी खाली बसले. शेजारणीला वाटलं, लाजली. लाजले-बिजले काही नव्हते. मला बाबा आठवले होते.

आमचं गाव एकोडीच्याही आत, जंगलाच्या कडेला. शाळा चौथीपर्यंत. चौथी झाली तेव्हा बाबांनी मला साकोलीला आत्याकडे ठेवायचं ठरवलं. गावातले लोक म्हणाले, "पोरीले कायले शिकवता?" बाबांनी सायकलच्या मागे तांदळाचं गाठोडं बांधलं, पुढे दांडीवर मला बसवलं. आई धाकट्यांना घेऊन तलावाच्या बांधापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली.

आत्या विधवा होती, मूलबाळ नव्हतं. दिवसभर बिड्या वळायची. स्वभावाने वाईट मुळीच नव्हती, पण मांडीवर सूप आलं की बोलायची नाही. बोललं की मोजणी चुकते, असं तिचं म्हणणं. आमच्या घरी जेवतानासुद्धा सगळे एकदम बोलायचे, आणि इथे शाळेतून आलं की तेंदूच्या पानांवर कात्री चालल्याचा आवाज तेवढा. मला फार एकटं वाटायचं. रडू यायचं, पण रडलं तर शेजारीपाजारी म्हणतील आत्या छळते, म्हणून मी न्हाणीत जाऊन तोंड धुवायची. इतकं तोंड धुणारी पोरगी आत्याने पाहिली नव्हती.

बाबा बाजाराच्या दिवशी यायचे. वाडीतली वांगी, शेंगा विकून झाल्या की आत्याच्या घरी येऊन माझी वाट बघायचे. मी शाळेतून धावत यायची. मला किती काय विचारायचं असायचं. गाय व्याली का, आई माझं नाव काढते का. पण बाबांचा एक कायदा होता. पोरगी शिकायला ठेवली आहे, तिचा वेळ खायचा नाही.

"पयले अभ्यास कर. तुहा अभ्यास झाला का मी निंगतो."

स्वतः दुसरी शिकलेले. सही करताना जीभ दाताखाली धरायचे. ते भिंतीला टेकून बसायचे, आत्याच्या बिड्यांच्या जुड्यांना दोरा बांधून द्यायचे आणि मधूनमधून विचारायचे, "किती उरला?"

पहिल्या खेपेला मी मूर्खासारखा भराभर अभ्यास उरकला. हुशारी दाखवायची होती ना! बाबा खूश झाले, उठले, धोतर झटकलं आणि गेले. उजेड चांगला होता. मी रस्त्यावर उभी राहिले आणि ती सायकल वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यानंतर मी अभ्यास राखून ठेवायला लागले. आठवडाभराची गणितं, शुद्धलेखन, भूगोलाची उत्तरं, सगळं बाजाराच्या दिवसासाठी. बाकीच्या दिवशी गुरुजींची छडी खायची. हात लाल व्हायचा, पण मनात हिशेब पक्का होता की जितकं उरेल तितके बाबा बसतील. त्या दिवशीही मी घाई करायची नाही. गणित सोडवायचं, मग म्हणायचं, "बाबा, हे चुकलं, पुन्यांदा करा लागते." ते समजुतीने मान हलवायचे. "कर, कर. घाई नोको करू." धडा मोठ्याने वाचला की त्यांना शंका यायच्या. पंजाबातल्या गव्हाचा धडा होता, तर म्हणाले, "तिकडं धानाचा रोवणा नाई करत? मंग चिखलात पाय कोन टाकते?" मी हसले, आत्याही हसली, तिची मोजणी चुकली. त्या घरात मी आत्याला तेवढंच एकदा हसताना पाहिलं.

दिवेलागण झाली की आत्या कुरकुरायची. जंगलचा रस्ता, अस्वलं फिरतात. बाबा म्हणायचे, "तिचं होऊ दे." मला भीती वाटायची, तरी मी पुढचं गणित काढायची. दहा वर्षांच्या पोरीजवळ बापाला धरून ठेवायला दुसरं काय असतं?

मग एका बाजाराच्या दिवशी मी घरी आले तर भिंतीपाशी बाबा नव्हते. तांदळाचं गाठोडं होतं, पळसाच्या पानात बांधलेले लाखोळीच्या डाळीचे वडे होते. आत्याने सूप बाजूला ठेवलं, तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय.

"तुहे गुरुजी भेटले म्हने त्याले बजारात. वांगे घेत होते. म्हनाले, पोरगी बाकीच्या दिवशी कोरी वही आनते आन् बजाराच्या दुसऱ्या दिवशी सारं लिवून आनते. बापानं असा अभ्यास करून देऊ नाई, पोरगी बिघडते."

माझ्या बापाने अभ्यास करून दिला! ज्यांना माझी वही उलटी धरली तरी कळलं नसतं!

"मंग बाबा काय म्हनाले?"

"काय म्हनन? मान खाली घातली. मले म्हने, मी आलो का तिचा अभ्यास बिघडते. आता नाई बसत."

त्या रात्री मी जेवले नाही. मग मी ठरवलं की असा अभ्यास करायचा की गुरुजींनीच बाबांना सांगावं, पोरगी सुधारली. मग बाबा येतील. मी रोजचं रोज करू लागले. छडी थांबली. गुरुजींनी वर्गासमोर शाबासकी दिली. बाजाराचे दिवस येत होते, गाठोडं येत होतं, वडे येत होते, बाबा मात्र मी शाळेतून यायच्या आत निघून जात होते.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेतून पळाले. बाबा वांग्यांच्या ढिगामागे बसले होते. मला पाहून उठलेच.

"काहून आली? अभ्यास झाला का?"

"झाला. सारा झाला, बाबा."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आता ते येतात. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाजूच्या भाजीवाल्याला म्हणाले, "पाहा, गुरुजी बराबर बोलले. मी बसनं सोडलं तं पोरगी कशी सुदरली." आणि मला म्हणाले, "जा बाई, घंटी होईन."

मी शाळेत परत गेले. सातवीपर्यंत पहिल्या पाचांत होते.

त्या पालकसभेनंतर थोड्याच दिवसांनी बाबा आमच्याकडे भंडाऱ्याला आले. आता थकले होते, एसटीने आले. संध्याकाळी मुलाने दप्तर उघडलं आणि आजोबांच्या शेजारी येऊन बसला. बाबा लगेच उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले.

"बाबा, आत बसा ना."

"नाई. मी असलो का पोराचा अभ्यास बिघडते. तुह्या वेळी पायलं ना."

मी त्यांच्या शेजारी बसले. सभेत जे तोंडून निघालं नव्हतं ते आता निघालं.

"बाबा, माझा अभ्यास अर्ध्या तासाचा होता. मी तो तुमच्यासाठी राखून ठेवायची."

त्यांना लगेच समजलं नाही. "मंग अंधार पडेपर्यंत काय करत होती?"

"तुम्हाला बसवून ठेवत होते."

त्यांनी बशी खाली ठेवली. 

"मले वाटे, तुले गणित जड जाते," ते म्हणाले. "जंगलाच्या रस्त्यानं तेच विचार करत जाओ मी. एवढं सांगाचं होतं ना, बाई."

आतून मुलाने हाक मारली, "आजोबा, माझा झाला!" अभ्यास झाला की उठणारे बाबा आज माझ्या शेजारून उठले नाहीत.