सासऱ्यांची आणि माझी गळाची काठी

लग्न होऊन मी वटार गावाहून शेजारच्या गिरीजला आले, त्याच वर्षी माझे सासरे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवरा सकाळीच मुंबईला ऑफिसला जायचा, सासूबाई शिवणाच्या मशीनवर बसायच्या, आणि सासरे वाडीतल्या केळींमधून हात मागे बांधून फिरायचे, शाळेच्या व्हरांड्यातून फिरावं तसे. माझ्याशी ते फारसं बोलत नसत. ‘जेवलीस का’ आणि ‘केळींना पाणी सोडलं का’, यापलीकडे आमचं बोलणं गेलं नव्हतं. घरात सगळे आमच्या बोलीतच बोलत, इथे मी ते सरळ मराठीत लिहिते आहे.

घरामागे बावखल होतं. वाडीला पाणी द्यायला पूर्वजांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. माहेरीही तसंच होतं आणि गळ टाकायची मला लहानपणापासून सवय. एका दुपारी घर झोपलंय असं पाहून मी बांबूची काटकी काढली, तिला नायलॉनचा तंगूस बांधला, गळाला गांडूळ लावलं आणि काठावर बसले. चांगली हातभर मरळ लागली. ती गवतात दाबून धरली आणि वळून बघते तर मागे सासरे उभे.

ते आधी मरळीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

“गांडूळ लावलं होतंस?”

“हो.”

“मला या तळ्यात आजवर बेडकाखेरीज काही मिळालेलं नाही,” ते म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःची काटकी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. तिथून आमचं बोलणं सुरू झालं. त्यांचा खरा जीव खाडीवर होता. किल्ल्याजवळच्या जेटीवर मुंबईची माणसं रीळ लावलेल्या काठ्या घेऊन येत, त्या लांबून बघत त्यांनी कित्येक रविवार काढले होते. नोकरीत असताना मुख्याध्यापकाने पोरांसमोर गळ टाकत बसणं त्यांना बरं वाटेना. आता त्यांना रीळवाली काठी घ्यायची होती आणि खाडीतला दांडगा जिताडा मासा धरायचा होता.

“पण मला खारं पाणी ठाऊक नाही, बाबा,” मी म्हटलं.

“आणि मला गोडं जमत नाही. तेव्हा दोन्हीकडे चालेल अशीच घेऊ.”

सासूबाईंनी मशीनवरूनच निकाल दिला, “घरात काठी एकच येईल. दोन आणल्यात तर दुसरी मी वापरीन, आणि ती माशांवर नाही.”

एका शनिवारी आम्ही दोघं मुंबईला गेलो. बाजाराजवळच्या गल्लीत गळ, शिसं आणि तंगूस विकणारं एक दुकान होतं. दुकानदाराने विचारलं, “मासा कुठे पकडणार?” मी म्हटलं, “तळ्यात.” त्याच क्षणी सासरे म्हणाले, “खाडीत.” दुकानदाराने एक लांब, जाडजूड काठी काढली आणि तिच्याशेजारी एक आखूड, वेताच्या छडीसारखी बारीक काठी ठेवली.

जाड काठी मी उचलून पाहिली. हातात नांगर धरल्यासारखं वाटलं. मरळीने गांडूळ कुरतडलं तरी या काठीला कळलं नसतं. बारीक काठी सासऱ्यांनी हवेत हलवली आणि खाली ठेवली. “जिताडा हिची काडी करील,” म्हणाले. मग ते प्रश्न विचारायला लागले, तोंडी परीक्षेत विचारावेत तसे. शेंड्याला वाकते का, बुडाशी ताठ राहते का, कड्या गंजतील का. दुकानदार बिचारा माळ्यावर चढला आणि धूळ झटकत मधल्या लांबीच्या दोन काठ्या घेऊन उतरला. दोन्ही दिसायला सारख्याच होत्या.

“बाहेर नेऊन बघू का?” सासऱ्यांनी विचारलं.

फुटपाथवर दुकानातलं रीळ लावलेली काठी माझ्या हातात देऊन त्यांनी तंगूसाचं टोक स्वतःच्या रुमालाला बांधलं, रुमाल मुठीत धरला आणि मागे मागे चालू लागले. “मी ओढतो. तू खेच.”

आधी त्यांनी हलकेच हिसके दिले, मरळ देते तसे. काठीचा शेंडा लगेच थरथरला. मग ते एकदम जोर लावून गल्लीच्या तोंडाकडे निघाले. रीळ करकरायला लागलं, काठी वाकली, पण बूड हाताशी ताठच राहिलं. हातगाडीवाले थांबले. इतक्यात ऑफिसची बॅग घेतलेला एक गृहस्थ सासऱ्यांसमोर येऊन उभा राहिला आणि चाचरत म्हणाला, “सर, तुम्ही इथे?”

त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. सासऱ्यांनी रुमाल सोडला नाही.

“मी सध्या जिताडा आहे,” ते शांतपणे म्हणाले. “दोन मिनिटं थांब.”

मला इतकं हसू आलं की रीळ फिरवणं जमेना, आणि जिताडा दिव्याच्या खांबाला वळसा घालून बसला.

दुसरी काठीही अशीच ओढून पाहिली, पण ती शेंड्याला ताठ निघाली. आम्ही पहिली घेतली. रीळ मध्यम आकाराचं घेतलं, त्याच्याबरोबर एक जादा फिरकी होती. एका फिरकीवर तळ्यासाठी बारीक तंगूस गुंडाळायचा, दुसरीवर खाडीसाठी जाड. जागा बदलली की फक्त फिरकी बदलायची. या सोयीवर सासरे भलतेच खूश झाले. एकाच शिक्षकाने दोन विषय शिकवावेत तसं आहे, असं त्यांनी विद्यार्थ्याला चहा पाजताना समजावून सांगितलं.

खाऱ्या पाण्याचा मात्र त्यांनी धसका घेतला. खाडीवरून आलं की रीळ उघडून गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, तेल द्यायचं. तेल कुठून येतं ते सासूबाईंना उशिरा कळलं. त्यानंतर त्या मशीनच्या तेलाची बाटली कपाटात कुलूप लावून ठेवू लागल्या.

बावखलात पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांना मरळ मिळाली. खाडीत मात्र महिनाभर शिंगाळ्यांशिवाय काही लागलं नाही. मग एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही भरतीच्या वेळेला जेटीवर गेलो. सासरे थर्मासमधून चहा ओतत होते आणि काठी माझ्या हातात होती. जिवंत कोळंबी लावली होती. अचानक काठी पाण्याकडे झुकली.

“बाबा, तुम्ही धरा,” मी म्हटलं.

“मुळीच नाही. तुला लागलाय, तूच काढ.”

मी ओढत होते आणि ते शेजारून सांगत होते, आता सोड, आता गुंडाळ. मासा पायऱ्यांपाशी आला तसे ते रिकामं पोतं घेऊन खाली उतरले, शेवाळावरून घसरले आणि कमरेइतक्या पाण्यात बसले. पण बसल्या बसल्याच त्यांनी जिताड्याला पोत्यात घेतलं. चष्मा नाकावर तसाच होता.

परत येताना एसटीत जो तो विचारी, “मास्तर, तुम्ही धरला?” ते ओल्या पँटने उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, “छे, सुनेने. मी फक्त पाण्यात पडलो.”

सासूबाईंनी आधी पँट पाहिली, मग मासा. अर्धा मासा त्यांनी माझ्या नवऱ्याबरोबर सायकलवरून माझ्या माहेरी पाठवला आणि उरलेल्याचं कालवण केलं. जेवायला बसलो तेव्हा माशाचं डोकं, एरवी सासऱ्यांचा मान, त्यांनी कुणाला न विचारता माझ्या ताटात वाढलं, आणि मुख्याध्यापकांना शेपूट दिलं. त्यांनी ते चाटूनपुसून खाल्लं आणि आणखी रस्सा मागितला.