काकूचं ऊन

माझी काकू जिंतूरकडच्या शेतकऱ्याची लेक. माहेरी कापूस वेचायची, विहिरीत पोहायची. आमच्या राणीसावरगावच्या घरात आली आणि पडद्याआड गेली. आम्ही गळ्यात लिंग घालणारे, महादेवाचे भक्त. आमच्यात खरं तर गोषा नव्हताच. पण निजामाच्या राज्यात बड्या घरच्या बायका पडद्यात राहतात, मग आपण का मागं राहायचं, म्हणून आमच्या वाडवडिलांनी तो उसना आणला. उसना असल्यामुळं की काय, मूळ मालकांपेक्षा कडक पाळला.

दुसऱ्या बाळंतपणानंतर काकूची कंबर आणि मांड्या दुखायला लागल्या. उठताना ती दोन्ही हात जमिनीला टेकायची आणि चालताना दोन्ही बाजूंना झुलायची. घरात त्याची थट्टा व्हायची. शेवटी काकांनी डॉक्टर आणले, तेव्हा मधे चादर धरली गेली. चादरीबाहेर काकूचा फक्त हात. डॉक्टरांनी नाडी पाहिली, कुठं दुखतं ते विचारलं. उत्तरं चादरीआडून माझ्या आईनं दिली. वात आहे असं ठरलं. मग वारा लागू नये म्हणून काकूच्या खोलीची खिडकीही बंद झाली. सगळा आजार तिच्या चालण्यात दिसत होता आणि शोधला मनगटात! अजूनही मला याचा संताप येतो.

दुखणं वाढलं तेव्हा काका तिला परभणीला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. सोबत आई आणि मी. बाईंनी नाडी पाहिलीच नाही. म्हणाल्या, "त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा." काकू गेली आणि परत आली. बाईंनी नडगीवर अंगठा दाबला तशी ती कळवळली.

"वात नाही हा. हाडं मऊ पडलीत. पडद्यातल्या बायकांत हे मी नेहमी बघते. माशाचं तेल द्या."

काकांनी शिव शिव म्हणत कानांवर हात ठेवले.

"मग दूध तरी द्या. पण रोज अंगावर ऊन पडलंच पाहिजे. आणि हाडं घट्ट होईपर्यंत पुढचं मूल नको. कमरेचं हाड दबलंय, मूल अडेल."

घरात कुणी दुष्ट नव्हतं, हेच तर दुःख आहे. सगळ्यांनी मनापासून ऐकलं. आईनं परसात काकूसाठी जागा केली, चारी बाजूंनी चादरी बांधल्या. पण समोरच्या माडीवरून वाकून बघितलं तर दिसतं, असं तिच्या ध्यानात आलं. मग तिनं आपल्या जुन्या लुगड्यांचं जाड छत शिवलं आणि वरूनही ताणून बांधलं. रोज पूजा झाली की काकू त्याखाली उन्हाला बसायची.

"आक्का, वरलं तेवढं काढा की. गारच लागायलंय."

"माडीवरून समदं दिसतंय, बाई. ऊन काय, कापडातूनबी येतंय की."

आईला ते खरंच वाटत होतं. आणि काका पाहुण्यांना सांगायचे, डॉक्टरीणबाईंचा शब्द आम्ही खाली पडू दिला न्हाई.

उन्हाची अशी काळजी घेतली. मुलाबद्दलचा शब्द मात्र कुणाच्या लक्षात राहिला नाही, किंवा आपण ऊन देतोय म्हणजे हाडं घट्ट झालीच असतील असं सगळ्यांनी धरलं. काकूला तिसऱ्यांदा दिवस गेले. मूल अडलं. गाडी जुंपेपर्यंत दोघंही गेली.

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. सजवलेल्या विमानात, म्हणजे मखरासारख्या पालखीत बसवून, कपाळाला विभूती लावून, तोंड उघडं ठेवून गावातून नेतात आणि मग पुरतात. काकूला भर दुपारी नेलं. बाजारपेठेतली माणसं, पारावरचे म्हातारे, सगळे तिचं तोंड पहिल्यांदा बघत होते. चादर धरायचं कुणालाच सुचलं नाही. आई पडदा विसरून विमानामागं रस्त्यावर धावली आणि माणसांच्या देखत ओरडली, "बाई, आता पडलं गं तुझ्या अंगावर ऊन!"