आडबंदरचा नकाशा आणि एकची सोंगटी

श्री. यशवंत मेस्त्री यांची आणि माझी ओळख एका चुकीच्या नकाशामुळे झाली. मी तेव्हा सहावीत होतो. मेस्त्रीकाका मुलुंड पूर्वेला आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहत. भांडुपच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे शाळेत नकाशा काढायला सांगितला की इमारतीतली मुलं वही घेऊन त्यांच्याकडे धावत. मला कोकण किनारा हवा होता. काकांनी तो इतका सुबक काढून दिला, की मी न बघताच वही बाईंपुढे ठेवली. बाईंनी वेंगुर्ल्याच्या जरा खाली बोट टेकवून विचारलं, "हे आडबंदर कुठून आणलंस?" पाच गुण गेले.

मी रडकुंडीला येऊन काकांकडे गेलो. "काका, आडबंदर कुठे आहे?"

"माका काय ठावक? तू जाऊन बघून ये," असं म्हणून त्यांनी मला टेबलाशी बसवलं. "तू धक्क्यावर उभो आसस. पाणी नाय. समोर शेतात गलबत उभा आसा. काय करतंस?"

"घरी जातो," मी म्हणालो.

"वाट खंय आसा?"

त्या दुपारी माझं डोकं जे गरगरलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही. काकांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाच्या समितीने मला त्यांचं कार्य, मूल्यं आणि स्नेह यांवर क्रमाने लिहायला सांगितलं आहे. मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा क्रम चुकला. माझ्या गोंधळाबद्दल वाचकांनी मला माफ करावं. यात थोडा दोष सत्कारमूर्तींचाही आहे.

या ग्रंथाचे निम्मे वाचक काकांचे कारखान्यातले सहकारी आहेत. त्यांना काकांची रेषा माहीत आहे, आडबंदर माहीत नाही. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आडबंदर हा काकांनी रचलेला काल्पनिक मुलूख. तिथला समुद्र एके दिवशी मागे हटला आणि गलबतं शेतात उभी राहिली. तिथे देवचार नावाची भुतं आहेत, वाट चुकवणारे चकवे आहेत, बोलणाऱ्या विहिरी आहेत. या मुलखात खेळायचा खेळ म्हणजे ज्याला आजची मुलं रोलप्लेइंग गेम म्हणतात तोच. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, सूत्रधार प्रसंग सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं. संकट आलं की पिशवीत हात घालायचा. पिशवी काकूंनी शिवलेली, आत हौजीच्या डब्यातल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या. आकडा मोठा आला तर निभावलं, लहान आला तर वाट लागली, आणि एक आला तर पात्र मेलं. हात लावलेली सोंगटी परत ठेवायची नाही, असा कडक नियम होता.

पण मरणाऱ्याला एक मान होता. ज्याचं पात्र मरेल त्याला काका स्वतःची पेन्सिल देत आणि नकाशावरच्या एका निनावी जागेला नाव ठेवायला सांगत. ते नाव कायमचं. शिऱ्याचा डोंगर, पुन्हा येणार नाही खिंड, बंड्याचा घोटाळा, गणिताची दलदल ही नावं अशी पडली. पुढे काकांनी सगळं सायक्लोस्टाईल करून छोटं पुस्तक काढलं. ते घाटकोपरला गेलं, बोरिवलीला गेलं, तिथेही मुलं खेळली, मेली आणि तिथली नावंही पत्राने काकांकडे आली.

मी कधीच मेलो नाही. माझं पात्र, रामा तांडेल, सहावीपासून बारावीपर्यंत जिवंत राहिला. देवचाराच्या तावडीतून सुटला, विहिरीत पडून वर आला. नकाशावर माझं एकही नाव नव्हतं आणि याचा मला कोण अभिमान होता!

मूल्यांविषयी एक प्रसंग पुरे आहे. आडबंदरचे पहिले नकाशे काकांनी कारखान्यात वाया गेलेल्या ट्रेसिंग पेपरवर काढले. तो कागद टाकूनच द्यायचा होता, कुणी विचारलंही नसतं. काकांनी साहेबांना अर्ज केला : 'वापरून झालेला कागद घरी नेण्यास परवानगी मिळावी.' साहेब हसले, पण काका सही घेतल्याशिवाय हलले नाहीत. तो अर्ज आजही नकाशांच्या गुंडाळीत पहिल्या पानाला टाचलेला आहे. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. निदान गेल्या महिन्यापर्यंत मी हे वाक्य बिनदिक्कत लिहिलं असतं.

आता नव्या आवृत्तीची गोष्ट. आमच्याच टोळीतली नीलिमा आज अंधेरीत पुस्तकांची मांडणी करते. तिच्या ऑफिसातली तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी परदेशी पुस्तकं उघडून असाच खेळ खेळतात. त्यांतल्या एकीने विचारलं, मराठीत असं काही नाही का? नीलिमाने घरी जाऊन माळ्यावरची सायक्लोस्टाईल प्रत काढली. गोरेगावच्या एका प्रकाशकांना ती दाखवली. ते तयार झाले, पण त्यांनी अट घातली : काकांनी अंतिम प्रुफावर 'हरकत नाही' असं स्वतः लिहून द्यायचं आणि तेही त्यांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाआधी. नाहीतर प्रकाशकांचा त्या महिन्यातला छपाईचा वेळ दुसऱ्या पुस्तकाला जाणार होता आणि मग आडबंदर पुन्हा माळ्यावर.

संपादनाचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पाठ्यपुस्तकं करणाऱ्या कंपनीत संपादक आहे. वीस वर्षं मी दुसऱ्यांची पुस्तकं नीटनेटकी करतो आहे. मी आडबंदरही नीटनेटकं केलं. मोठ्या दुकानात जाणाऱ्या पुस्तकात 'बंड्याचा घोटाळा' कसा चालेल? अनोळखी वाचकाला काय कळणार? म्हणून शिऱ्याचा डोंगर झाला श्रीगिरी, पुन्हा येणार नाही खिंड झाली अनावर्तघाट आणि गणिताची दलदल झाली अंकपंक. मला ती नावं फार आवडली होती, हे कबूल करतो.

प्रूफ काकांकडे गेलं आणि आठवड्याने परत आलं. एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. फक्त नकाशावर ठिकठिकाणी पेन्सिलीची वर्तुळं. हरकत आहे की नाही, काही नाही. मी फोन केला.

"काका, वर्तुळं कशासाठी?"

"बघ तू. तू शिकलेलो माणूस."

मी बघितलं. डोंगरांच्या जागा तपासल्या, ऱ्हस्वदीर्घ तपासले, खाडीची रुंदी मूळ नकाशाशी जुळवली. सगळं बरोबर! मग माझ्या डोक्यात आलं, की नावं काकांना पुरेशी भारदस्त वाटली नसणार. मी श्रीगिरीचं श्रीशैलशिखर केलं, अंकपंकाचं गणितपंकावर्त केलं. दुसरं प्रूफ पाठवलं. ते परत आलं, वर्तुळं तीच, पेन्सिल जरा जास्त दाबलेली.

समारंभ तीन आठवड्यांवर आला होता. काका नाराज आहेत, की थकलेत, की माझी गंमत करताहेत? नीलिमाला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, तू खरंच ढ आहेस की नाटक करतोस? एकदा जाऊन बस ना त्यांच्यासमोर. फोनवर काय होणारे?"

आम्ही दोघं रविवारी सकाळी मुलुंडला गेलो. काकांनी टेबल आवरून ठेवलं होतं. पिशवी मधोमध. "तुझ्या नव्या पुस्तकावर खेळूया," ते म्हणाले. "तू रामा तांडेल. नीलू, तू जुनो नकाशो घे. ह्यो नवो घेयत."

काम सोपं होतं, धक्क्यापासून निघून डोंगरापलीकडच्या विहिरीपर्यंत पोचायचं. नीलिमा जुन्या नकाशावर बोट ठेवून निघाली. "बंड्याने जिथे बैल विकला तिथून डावीकडे, मग शिऱ्याचा डोंगर, तिथे शिरीषचा पाय घसरला होता ना, म्हणजे खालून जायचं." पाच मिनिटांत ती विहिरीवर. मी श्रीशैलशिखराला निघालो आणि श्रीवर्धिनी नदीवर आलो, तिथून श्रीपठारावर. काका प्रत्येक ठिकाणी विचारत, "हय काय झाला होता?" मी माझ्याच पुस्तकातली चौकट वाचून दाखवत होतो आणि मला काही आठवत नव्हतं. चौथ्यांदा मी त्याच पठारावर पोचलो.

"चकवो लागलो तुका," काका म्हणाले. आडबंदरात चकवा लागला की पिशवीत हात घालावाच लागतो.

माझ्या नकाशात मीच हरवलो होतो, आणि नीलिमा हसूही शकत नव्हती इतका माझा चेहरा पडला होता. त्या पेन्सिलीच्या वर्तुळांचा अर्थ मला तिथे, त्या पठारावर कळला. शिरीष, बंड्या, सगळी मेलेली मंडळी मी पुसून टाकली होती. मला त्या नावांची किंमत कळायची तर मी एकदा तरी मरायला हवं होतं.

काकांनी पिशवी हलवून पुढे केली. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "अवो, आज पण ती एकची सोंगटी काढून ठेवल्यात काय?"

काकांनी पिशवी मागे घेतली.

"कुठली सोंगटी?" मी विचारलं.

"नाय गो. आज सगळ्यो आसत," काका काकूंकडे बघत म्हणाले.

"काकू, कुठली सोंगटी?"

काकूंनी कप खाली ठेवले. "अरे, तुझे वडील गेले ना त्या वर्षी, तेव्हापासून. तुझी पाळी इली की हे ती सोंगटी मुठीत धरीत. मी एकदा बघितलंय, तर म्हणाले, त्याच्या घरात झाला ता पुरे. हय तरी नको."

माझे वडील मी सहावीत असताना, दिवाळीच्या सुट्टीनंतर गेले. आईने मला काकांकडे पाठवायला सुरुवात केली ती तेव्हापासूनच, नकाशाच्या निमित्ताशिवायही. मला वाटायचं, रामा तांडेल माझ्या हुशारीने जगतो आहे. सहा वर्षं एक माणूस, ज्याने रद्दी कागदासाठी अर्ज केला, तो माझ्यासाठी बिनधास्त खोटं खेळत होता, आणि बाकीची मुलं प्रामाणिकपणे मरत होती.

"काका, खरं आहे हे?"

"माका आठवत नाय," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी चिडलो की मला रडू आलं, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही झालं असावं. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली, टेबलावर उपडी केली, एकची सोंगटी शोधली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"असो नियम नाय," काका म्हणाले.

"मग नियम करा."

त्यांनी सोंगटी उलटीसुलटी करून बघितली. मग चष्मा काढून पुसला. "मेलंस," ते म्हणाले. "घे पेन्सिल."

जुन्या नकाशावर आता एकच जागा निनावी उरली होती, धक्क्यासमोरचं लहानसं बेट. माझे वडील, आप्पा, संध्याकाळी इमारतीच्या फाटकाशी उभे राहून मला खेळातून हाक मारत, "चल रे, थांबलोय मी." मला यायला नेहमी उशीर व्हायचा. मी त्या बेटावर लिहिलं : आप्पा थांबलेत. अक्षर वाकडं आलं. काकांनी ते वाचलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चहा निवतो म्हणून काकूंवर उगाच ओरडले.

त्या आठवड्यात मी सगळी नावं परत लावली, वाकडीतिकडी, जशी होती तशी. शेवटी कोणाचं पात्र कुठे, कसं मेलं, त्याची यादी जोडली. प्रूफ दोन दिवसांत परत आलं. एकही वर्तुळ नव्हतं. कोपऱ्यात ड्राफ्ट्समनच्या सरळ, उभ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'हरकत नाही. य. मेस्त्री.' पुस्तक आता छापून तयार आहे आणि समारंभात वाचकांच्या हाती पडेल.

समितीला काकांच्या मूल्यांवर परिच्छेद हवा होता. मी तो वर लिहिला आहे आणि खोडलेला नाही. काका सचोटीचे आहेत. काकांनी सहा वर्षं मला फसवलं. ही दोन वाक्यं एकाच लेखात कशी बसवायची हे मला अजून उमगलेलं नाही, आणि काकांना विचारण्यात अर्थ नाही, त्यांना आठवत नाही. त्यांच्या आभारांचंही तसंच. ज्या गोष्टीला ते नाहीच म्हणतात तिच्यासाठी आभार कसे मानायचे?

समारंभाच्या दुपारी मुलुंडच्या सभागृहात नव्या पुस्तकावर पहिला खेळ होणार आहे. घाटकोपर आणि बोरिवलीचे जुने खेळाडूही येत आहेत. सूत्रधार मी असेन. काका आयुष्यात पहिल्यांदा पात्र घेऊन खेळणार आहेत. कुठलं, ते सांगायला तयार नाहीत. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, रेषा अशीच सरळ राहो आणि काकूंचा चहा त्यांना रोज गरम मिळो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. मात्र नुसत्या इच्छेवर सोडायला मी तयार नाही. पिशवी माझ्या हातात असणार आहे, आणि काकांची पाळी येईल तेव्हा एकची सोंगटी माझ्या मुठीत असेल.